विलंबित छान, द्रुत फाटतं: ख्याल ऐकणाऱ्यांसाठी एटी-एलपी६०एक्स

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स हा पट्ट्यावर फिरणारा, पूर्ण स्वयंचलित रेकॉर्ड प्लेअर. घरातल्या माळ्यावरच्या एलपी पुन्हा वाजवायला निघालेल्यांना बहुतेक हाच सुचवला जातो. पण त्याची परीक्षणं सहसा रॉकच्या रेकॉर्डवर होतात. ख्याल, नाट्यपद, भावगीत लावलं की त्याचे गुणदोष निराळेच दिसतात.

मुख्य तक्रार आधी. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी एकसारखी फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला तिथे निम्म्याहून कमी जागा मिळते. या प्लेअरची मूळ सुई (एटीएन३६००एल) गोल टोकाची आहे आणि इतक्या दाटीतली बारीक नागमोड तिला नीट पकडता येत नाही. ख्यालाची मांडणी नेमकी याच्या आड येते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, सुरू होतं ऐसपैस बाहेरच्या कडेला, आणि जलद लयीतलं द्रुत, तिन्ही सप्तकांतल्या ताना, वरचा षड्ज, सगळं येतं लेबलाला खेटून. किशोरी आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी लावून पाहा. भूपाचं विलंबित सुरेख, तानपुऱ्याचा झंकारही भरीव. बाजू संपत येते तशी तार सप्तकातल्या 'स'कारांना कचकच लागते. रेकॉर्ड झिजलेली असेल तर विचारूच नका.

त्या मानाने सात इंची ईपीवरची भावगीतं या प्लेअरवर खुलतात. ४५ फेऱ्यांमुळे शेवटच्या खाचेतही सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या आसपास वेग राहतो, शिवाय गाणं तीन-चार मिनिटांचं. आपल्याकडच्या ईपींना मधलं भोक लहानच असतं, त्यामुळे वेगळा अडॅप्टर लागत नाही. आकाराचं बटण ७ वर, वेग ४५ वर, आणि स्टार्ट. दहा इंची एलपीची मात्र सोय नाही. आकाराचे पर्याय ७ आणि १२ एवढेच, तेव्हा लिफ्टच्या बटणाने सुईची भुजा उचलून हाताने कडेवर आणावी लागते.

मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी यावर लावू नये. तेवढा वेग नाहीच, आणि लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या तिप्पट-चौपट रुंद असल्याने ही सुई तळाशी घासत जाते. बालगंधर्वांच्या मूळ तबकड्या असतील तर त्यांना ७८ची जाड सुई आणि दुसरं यंत्र हवं.

जोडणीत दोन चुका हमखास होतात. पट्टा तबकाच्या (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीच्या) आतल्या कडीवर लाल फितीसह गुंडाळलेला येतो. तबक बसवून, फीत धरून तो तबकातल्या खिडकीतून मोटरच्या पितळी कप्पीवर चढवायचा आणि तबक घड्याळाच्या दिशेने हाताने दहाएक वेळा फिरवायचं. हे टाळलं तर पट्टा पिळलेला राहतो आणि सूर हेलकावतो. दुसरी चूक मागच्या फोनो/लाइन खटक्याची: लाइनवर प्लेअर आवाज वाढवून बाहेर देतो, फोनोवर सुईचा क्षीण आवाज तसाच. अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये वायर असेल तर खटका लाइनवर, फोनोमध्ये असेल तर फोनोवर. लाइन ठेवून फोनोत जोडलं की आवाज फुगून फाटतो, फोनो ठेवून ऑक्समध्ये जोडलं की किरटा आणि बारीक येतो.

वेग तपासायला अ‍ॅप नको. लेबलावर कागदाचा तुकडा ठेवा आणि तीन मिनिटांत किती फेऱ्या होतात ते मोजा. बरोबर १०० व्हायला हव्यात. १०२ झाल्या तर गायकाचा सा सुमारे ३४ सेंटने (सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढला, म्हणजे सुमारे २२ सेंटच्या एका प्रमाणश्रुतीपेक्षा जास्त. सोबत पेटी घेऊन बसणाऱ्याला हे लगेच टोचेल.

सूर डुलतोय म्हणून प्लेअर परत करण्याआधी डुलण्याचा ठेका पाहा. दर १.८ सेकंदाला, म्हणजे प्रत्येक फेरीला एकदा, येत असेल तर दोष बहुधा रेकॉर्डचा: भोक मध्यावर नाही किंवा तबकडी वाकली आहे. भोक एक मिलिमीटर सरकलं तरी लेबलाजवळ सूर दोन्ही बाजूंना २८ सेंटच्या घरात हलतो. तानपुऱ्यावर ते लपत नाही. ठेका अनियमित असेल तर पट्टा बघा.

जुन्या बाजारातून आणलेल्या रेकॉर्डवर पावसाळ्यातली बुरशी असतेच. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ मायक्रोफायबर, पुसायचं खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवून उभी वाळवायची. सुई उडते म्हणून भुजेवर नाणं ठेवायचा जुना घरगुती उपाय इथे विसरा. सुईचा रेकॉर्डवरचा भार आधीच तीनेक ग्रॅम असतो, आणखी वाढवला की खाच खरवडते. प्लेअर आणि स्पीकर एकाच लाकडी टेबलावर ठेवले तर तबल्याच्या बायाँबरोबर सगळं घुमायला लागतं. वेगळा, जड, हलणार नाही असा आधार द्या.

एचएमव्हीच्या जुन्या एलपीवर ईएएलपी क्रमांक असेल तर ती मोनो. अ‍ॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर ते दाबावं, खरखर बरीच कमी होते. ईएएसडी, ईसीएसडी या स्टीरिओ.

सुई साधारण ३०० ते ५०० तास चालते. रोज दोन एलपी ऐकणाऱ्याने वर्षभरात बदलावी. तेव्हा त्याच कार्ट्रिजला (भुजेच्या टोकाचा, सुई बसते तो भाग) बसणारी लंबगोल टोकाची सुई घ्यावी, द्रुताची कचकच बरीच उतरते. कार्ट्रिज मात्र बदलता येत नाही, आणि भार कमी-जास्त करायची सोयही नाही.

भावगीतं, नाट्यपदांच्या एलपी, अभंग एवढंच ऐकायचं असेल तर हा घ्यावा, बटण दाबलं की झालं. कपाटात शास्त्रीय संगीताच्या पन्नास एलपी असतील तर थोडे पैसे आणखी घालून त्याच कंपनीचा एलपी७०एक्स पाहावा. त्याला व्हीएम९५ मालिकेचं कार्ट्रिज आहे आणि त्याच मालिकेतली लंबगोल सुई सरळ अडकवता येते.