शिफ्ट लाइट: ओबीडीची घ्यायची, वायरिंगची, की काहीच नको?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही वायरमनकडं अर्धा तास बसलात तर हा सवाल कानावर येतोच: "मामा, शिफ्ट लाइट बसवून देणार काय?" मामा हातातलं काम न सोडता विचारतात, "पेट्रोल की डिझेल?" मग, "वॉरंटीत हाय काय?" कशाला पाहिजे, हे मात्र ते विचारत नाहीत. गिऱ्हाईक आहे, कशाला विचारतील? तेव्हा तो प्रश्न इथं मी विचारतो.

ओबीडीची म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात खोचायची, वायरिंगची म्हणजे इंजिनच्या वायरीला जोडून बसवायची. दिवे सगळे सारखेच. इंजिनचे फेरे ठरवलेल्या आकड्याला पोचले की पेटतात आणि मीटरकडं न बघता कळतं की गिअर वर टाकायची वेळ झाली. दोन दिव्यांत खरा फरक एवढाच, की आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्याचा, आकडा त्यांना कुठून मिळतो आणि किती उशिरा मिळतो. किंमत, वॉरंटी, बसवायची कटकट हे सगळं त्याच्यामागनं येतं. डब्यावर किती रंगांचे एलईडी आहेत ते बघून घेणारे पुढं महिनाभरात काढून ठेवतात.

आधी "काहीच नको"चा विचार

बऱ्याच नव्या मॅन्युअल गाड्यांच्या मीटरमध्ये गिअर बदलायचा बाण दिसतो. तो शिफ्ट लाइट नव्हे. तो अॅव्हरेजसाठी असतो आणि हलक्या पायानं चालवताना दोन हजारांच्या आसपासच वरचा गिअर मागायला लागतो. बाजारातली शिफ्ट लाइट पॉवरच्या टोकाजवळ पेटावी म्हणून घेतात. दोघांची कामं एकमेकांच्या उलट. ज्याची गाडी आठवडाभर खडेबाजार, गोगटे सर्कल आणि सुट्टीत निपाणीपर्यंत हायवे एवढीच फिरते, हंगामात चिकोडीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागनं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सरकते, त्याला कंपनीचा बाण पुरेसा आहे. बाण नसेल तर कान आहेतच.

"इंजिन जपायला बसवतोय" हे कारण मला पटत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत रेस प्रमाणाबाहेर गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच इंधन तोडतो, त्यासाठी वेगळा दिवा नको. आणि जिथं इंजिनचं खरं वाटोळं होतं तिथं दिवाही कामाचा नाही, ईसीयूही नाही. चोर्ला घाट उतरताना चौथ्यातून तिसरा टाकायचा होता आणि हात चुकून पहिल्यात गेला, क्लच सोडला, तर चाकंच इंजिनला ओढत वर नेतात. इंधन तोडून ते थांबत नाही. दिवा पेटेल, पण तोवर व्हॉल्व्हचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

डिझेलवाल्यांना तर मी सरळ नको म्हणेन. आपल्या भागात अजून पुष्कळ धावणाऱ्या १.३ डीडीआयएस स्विफ्टचं बघा. १९० न्यूटन-मीटर टॉर्क २,००० आरपीएमला, ७५ पीएसची पूर्ण पॉवर ४,००० ला. त्याच्या वर नुसता आवाज वाढतो, गाडी पुढं जात नाही, आणि हे ड्रायव्हरच्या पाठीला आपोआप कळतं.

मग ही वस्तू कुणाच्या खरंच कामाची? ऑटोक्रॉस किंवा ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या, कारण हेल्मेट घातल्यावर इंजिनचा आवाज वेगळाच लागतो आणि मीटरकडं बघायला सवड नसते. छोटं पेट्रोल इंजिन ताणून चालवणाऱ्यांच्या. आणि आणखी एक वर्ग आहे, ज्याचा विचार विकणारेही करत नाहीत. आपल्याकडं फाउंड्रीत आयुष्य काढलेली पुष्कळ माणसं आहेत आणि त्यातल्या काहींचं ऐकणं कमी झालेलं आहे. इंजिन ओरडतंय हे त्यांना उशिरा समजतं. अशा माणसाला अडीच हजार आरपीएमवर लावलेला साधा दिवा फार उपयोगी पडतो. ही वस्तू फक्त रेसवाल्या पोरांची असं समजायचं कारण नाही.

ओबीडी: बसवायला पाच मिनिटं, आकडा मात्र शिळा

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये डबी खोचायची, बस. एक तर ब्लूटूथचं ईएलएम ३२७ जातीचं अडॅप्टर आणि मोबाइलवर अॅप, किंवा डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा डिस्प्ले. त्यातल्या बहुतेकांत आरपीएमचा अलार्म लावता येतो. अडॅप्टर काही शेकड्यांत मिळतं, डिस्प्ले हजार-दोन हजारांच्या पुढं. एकही वायर कापायची नाही. त्यामुळं वॉरंटीतल्या बीएस-६ गाडीला माझ्या मते हाच एक मार्ग. सर्व्हिसिंगला देताना तेवढं काढून ठेवायचं. पेट्रोल असो, डिझेल असो, तीन सिलिंडर असोत की चार, ईसीयू तयार आकडाच देतो. हा त्याचा मोठा गुण.

आकडा नेमका असतो, पाव आरपीएमपर्यंत. पण ताजा नसतो. डबी विचारणार, ईसीयू उत्तर देणार, ते ब्लूटूथवरून मोबाइलवर जाणार, मग अॅप स्क्रीन रंगवणार. कॅन लाइनच्या (नव्या पद्धतीच्या डेटा तारेच्या) गाडीत तारेवरचा वेग ५०० किलोबिटचा, म्हणजे तिथं अडचण नाही. जुन्या के-लाइनच्या गाडीत तोच १०.४ किलोबिट. वर स्वस्त अडॅप्टर असेल आणि स्क्रीनवर वेग, कूलंट, बॅटरी असं सगळंच मांडून ठेवलं असेल तर आरपीएमची पाळी आणखी उशिरा येते. अॅपमध्ये फक्त आरपीएम ठेवा, बाकी सगळं काढून टाका, फरक लगेच दिसेल.

हा उशीर किती महाग पडतो ते हिशोबानं बघू. समजा पहिल्या गिअरला फेरे सेकंदाला २,००० नं वाढतात आणि तुम्हाला ६,००० ला गिअर बदलायचाय. दिवा दिसल्यापासून पाय हलेपर्यंत पाव सेकंद धरला तर आकडा ५०० नं वर गेला. म्हणून वायरिंगची लाइट ५,५०० ला लावायची. ओबीडीचा आकडा त्यात आणखी ०.२ सेकंद जुना, म्हणजे आणखी ४०० नं वर, तेव्हा ती ५,१०० ला लावायला लागते. इथवर ठीक. पण तिसऱ्या गिअरला फेरे हळू वाढतात, समजा सेकंदाला ५००. तिथं वायरिंगवाला ५,६२५ च्या आसपास गिअर टाकतो आणि ओबीडीवाला ५,३२५ लाच. एकाच आकड्यावर लावलेली लाइट सगळ्या गिअरना बरोबर बसत नाहीच, पण उशीर जितका जास्त तितकी ही तफावत वाढत जाते. प्रत्येक गिअरला वेगळा आकडा लावता येणारे डिस्प्ले मिळतात. ओबीडीच घ्यायची तर तसला बघा.

लवकर टाकल्यानं बिघडतं काय? पहिल्याचा रेशो ३.५ आणि दुसऱ्याचा १.९ धरा. ६,००० ला बदलला तर दुसऱ्यात इंजिन ३,२५० च्या जवळ येतं, ५,००० ला बदलला तर २,७०० वर. छोट्या पेट्रोल इंजिनात हा फरक घाटाच्या चढावर चांगलाच जाणवतो. जांबोटी सोडल्यावर चार माणसं आणि एसी घेऊन जाणाऱ्याला हे सांगायला नको.

आणि एक काळजी. ओबीडीच्या १६ नंबर पिनेला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम चालू असतात, चावी काढली तरी. पोरगं पुण्याला, गाडी टिळकवाडीत पंधरा-पंधरा दिवस उभी, असं असेल तर डबी काढूनच ठेवायची. नाहीतर गणपतीला आल्यावर पहिलं काम धक्का मारायचं.

वायरिंगची: खरी शिफ्ट लाइट, पण वायरमन बघून

इथं दिव्याला तीन-चार वायरी असतात: चावीबरोबर चालू होणारा प्लस, अर्थ, सिग्नल, आणि कधी रात्री उजेड कमी करायची एक. पहिल्या दोन कुणीही जोडेल. सगळा खेळ सिग्नलच्या वायरीचा आहे.

डिस्ट्रिब्युटरच्या (एकाच कॉइलची ठिणगी सगळ्या प्लगांना वाटणाऱ्या) जुन्या पेट्रोल गाडीत सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतात. फोर-स्ट्रोक इंजिन असल्यानं चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन ठिणग्या, तीन सिलिंडरला दीड. आणि इथंच निम्मी कामं बिघडतात. स्वस्त लाइटमध्ये ४, ६, ८ सिलिंडरचे स्विच असतात, ३ चा नसतो. मारुती ८०० तीन सिलिंडरची. तिला ४ वर स्विच ठेवून ६,००० लावलंत तर दिवा खऱ्या ८,००० ला पेटेल, म्हणजे कधीच नाही. पोरगं सांगत येतं की लाइट खराब निघाली. लाइट खराब नसते, हिशोब चुकलेला असतो: ३ चा स्विच नसेल तर पाहिजे त्या आकड्याच्या पाऊणपट लावायचं, ६,००० साठी ४,५००.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत एका कॉइलला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी, म्हणजे हिशोब पुन्हा वेगळा. शिवाय त्यातल्या बऱ्याच कॉइलना ईसीयूकडनं येणारा सिग्नल ५ व्होल्टचा आणि नाजूक असतो. त्यावर भलत्या दिव्याचा भार टाकला तर गाडी मिस मारायला लागते. उलट जुन्या कॉइलच्या निगेटिव्हवर शेकडो व्होल्टचे झटके येतात, तिथं ५ व्होल्टची लाइट जोडली तर ती पहिल्याच स्टार्टला जाते. तेव्हा विकत घेताना विचारायचं ते हेच, की सिग्नल कसला चालतो. ज्या गाडीत ईसीयूकडनं मीटरला जाणारी स्वतंत्र आरपीएमची वायर असते तिथं ती सगळ्यात सोपी. नव्या गाड्यांत बहुधा ती नसते, मीटरही कॅनवरूनच आकडा घेतो.

डिझेलला कॉइलच नाही. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेता येतो, पण ते टर्मिनल सगळ्यांना नसतं, आणि असलं तरी पुलीच्या मापाप्रमाणं आकडा जुळवत बसायला लागतं. त्यापेक्षा ओबीडी बरी.

जोड कसा मारतात ते उभं राहून बघा. दाबून बसवायची निळी प्लास्टिकची क्लिप असते, ती वायरीचं कातडं फाडून आत शिरते. दोन मिनिटांचं काम. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात एक पावसाळा गेला की त्या क्लिपेत ओल शिरते, तांबं हिरवं पडतं आणि दिवा मनात येईल तेव्हा पेटतो. चांगला वायरमन क्लिपेला हात लावत नाही. तो वायर न तोडता इंचभर सोलतो, नवी वायर तिच्याभोवती गुंडाळून सोल्डर मारतो, वर हार्नेसची कापडी टेप, आणि ओढून बघतो. प्लसच्या वायरीत एक-दोन अँपिअरचा फ्यूज न मागता घालतो. हे न करणाऱ्याकडनं गाडी परत आणा. कापलेल्या वायरीवरून कंपनी इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारू शकते, हेही लक्षात असू द्या.

तिसरा एक प्रकार आहे: लाइटसकट मोठा आरपीएम मीटर, डॅशबोर्डवर उभा करायचा. ज्या गाडीला मुळात आरपीएम मीटरच नाही तिला ठीक. बाकी गाड्यांत तो काचेचा कोपरा अडवतो आणि जोडणी शेवटी वर सांगितलेलीच.

कुठं लावायची

स्टिअरिंगच्या मागं, मीटरच्या वरच्या कडेला, तोंड ड्रायव्हरकडं. काचेच्या बुडाशी लावली तर पावसाळ्यात धुक्यातून रात्री येताना तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर उमटतं आणि आधीच न दिसणारा रस्ता आणखी दिसेनासा होतो. उजेड कमी करायची सोय नसलेली लाइट आपल्या भागासाठी घेऊच नये. पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवायला मोटार वाहन नियमांत मनाई आहे, म्हणून लुकलुकणारा लाल दिवा बाहेरनं दिसणार नाही असा बसवा. केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची, गाडी गोव्याच्या हद्दीत गेल्यावर तर हे जास्तच.

मी स्वतः कुणाला काय सांगेन? वॉरंटीतली पेट्रोल: ओबीडी डिस्प्ले, गिअरवार आकड्यांचा. वॉरंटी संपलेली पण प्लगवर कॉइल असलेली: तरीही ओबीडी, जोवर तुम्ही ट्रॅकवर जात नाही. जुनी कॉइलवाली पेट्रोल, झेन, एस्टीम वगैरे: वायरिंगचीच, आणि तिच्यात जी मजा आहे ती बाकी कशात नाही. डिझेल: ते पैसे टायरला घाला. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर वायरिंगच्या वाटेला जाऊ नका. जुनी गाडी बघायला येणारा माणूस बॉनेट उघडायच्या आधी डॅशबोर्डखाली हात घालतो, आणि टेप गुंडाळलेली एक जरी जास्तीची वायर हाताला लागली तरी भाव पाडायला सुरुवात करतो.