रस्त्याच्या कडेचा सातबारा: ‘कर्ब डेटा स्पेसिफिकेशन’ घ्यावे का?

फुटपाथला लागून असलेल्या दोन-अडीच मीटर रुंदीच्या पट्ट्यावर डिलिव्हरी व्हॅन, टॅक्सी, बस आणि खासगी गाडी असे सगळेच हक्क सांगतात. कुणी कधी आणि किती वेळ थांबायचे हे बहुधा फक्त खांबावरच्या पाटीवर असते. ॲपला ते कळायला मार्ग नसतो. शहरांसाठी वाहतूक-डेटाची मानके बनवणाऱ्या ओपन मोबिलिटी फाउंडेशन या संस्थेने २०२२ मध्ये आणलेले कर्ब डेटा स्पेसिफिकेशन, थोडक्यात सीडीएस, हीच नोंद ॲपना वाचता येईल अशा ठरावीक साच्यात ठेवण्यासाठी आहे. ते मुक्त आहे, फुकट आहे आणि त्यात तीन एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती घेण्याचे ठरलेले मार्ग) येतात: नियमांसाठी कर्ब्ज, घडामोडींसाठी इव्हेंट्स आणि आकडेवारीसाठी मेट्रिक्स. तिन्ही एकाच तोलाचे नाहीत.

सर्वांत भक्कम भाग कर्ब्जचा. एका झोनमध्ये, म्हणजे कडेच्या नोंदलेल्या एका तुकड्यात, कुठल्याही क्षणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नियम लागू असला पाहिजे, ही त्यातली मूळ अट. त्यामुळे १८ मीटरच्या लोडिंग पट्ट्याच्या मधोमध फायर हायड्रंट आला की एकाचे तीन झोन होतात. लांबी सेंटिमीटरमध्ये भरायची, म्हणजे १८ नव्हे, १८००. एकाच जागेवर दोन नियम आले तर प्राधान्यक्रमाचा लहान आकडा जिंकतो, आणि घोळ हमखास इथेच होतो. मोठा आकडा वरचढ समजून भरला की ‘सकाळी ७ ते ११ थांबण्यास मनाई’ या नियमाच्या डोक्यावर ‘दिवसभर पार्किंग’ चढून बसते आणि ॲपवर विसंबलेला ड्रायव्हर दंड भरतो. झोनची हद्द बदलली तरी जुना झोन पुसायचा नाही. त्याला शेवटची तारीख द्यायची आणि नव्या झोनमध्ये जुन्याचा आयडी नोंदवायचा. हा दुवा राहिला तर मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही.

खरा खर्च सॉफ्टवेअरपेक्षा पायपिटीचा आहे. कागदावरचा आदेश एक सांगतो आणि पाटी दुसरेच. नुसत्या उपग्रहचित्रावर रेघा ओढल्या तर झाडाआड गेलेली पाटी सुटते. मोजणीचे चाक घेऊन चालत जाणे आणि प्रत्येक पाटीचा फोटो काढणे, याला पर्याय नाही.

इव्हेंट्समध्ये कॅमेरा, जमिनीतला सेन्सर, मीटर किंवा गाडीचा स्वतःचा डेटा, काहीही चालते. झोनबाहेर डबल पार्किंग केलेल्या गाडीने कोणती लेन अडवली, सायकलची की बसची, हेही नोंदवता येते; ही सोय फार मोलाची. दुखणे आहे ते संपर्क तुटण्याचे. त्यासाठी वेगळी घटना ठरवून दिलेली आहे, पण सेन्सर पुरवणाऱ्याने ती पाठवलीच नाही तर बंद पडलेला सेन्सर आणि रिकामी जागा यांत फरक उरत नाही. वेळही मिलिसेकंदांत हवी. संगणक वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतो, त्यामुळे सेकंद पाठवले तर सगळ्या व्हॅन जानेवारी १९७० मध्ये उभ्या दिसतात!

मेट्रिक्सकडे मात्र जरा संशयाने पाहावे. गाड्यांची उलाढाल (किती गाड्या आल्या-गेल्या), सरासरी थांबा आणि जागा किती टक्के भरली, हे तीन मुख्य आकडे त्यात मिळतात. समजा, एका लोडिंग झोनमध्ये चार व्हॅन प्रत्येकी ८ मिनिटे थांबल्या आणि एक खासगी गाडी तीन तास. सरासरी येते ४२ मिनिटे. तो आकडा पाहून कमाल वेळ ४५ मिनिटे केली, तर ज्यांना ८ मिनिटेच हवी होती त्यांच्या पदरी काहीच पडत नाही, आणि घुसखोराला मात्र पाऊण तास हक्काचा मिळतो. म्हणून सेशन्स, म्हणजे प्रत्येक गाडीचा येण्यापासून जाण्यापर्यंतचा थांबा, गाडीच्या प्रकारानुसार वेगळे काढून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) पाहावा. पुरवठादाराशी करार करतानाच कच्चे इव्हेंट्स मिळण्याची अट घालावी, कारण नुसत्या डॅशबोर्डवर ही सरासरी उलगडून पाहता येत नाही.