छोट्या गाडीसाठी नवा जॅक: कात्री, बाटली की ट्रॉली?

जुनी गाडी घेतली की डिकीत स्टेपनी असते, पाना असला तर असतो आणि जॅक बहुतेक वेळा गायब असतो. किंवा असतो, पण स्क्रूचे आटे गेलेले. मग स्पेअर पार्टच्या दुकानात जावं तर काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती टनाचा देऊ?" आणि गिऱ्हाईक विचार करून म्हणतं, दोन टनाचा द्या, असू दे मजबूत.

छोट्या गाडीला टनांची काळजी करायचं कारण नाही. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन या गाड्यांचं रिकामं वजन साधारण ७०० ते १००० किलोच्या घरात असतं आणि जॅक त्यातला एकच कोपरा उचलतो. इंजिन पुढे असल्यामुळे साठेक टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर पडतं. म्हणजे एका कोपऱ्यावर तीनशे किलोच्या आसपास. सीएनजीची टाकी आणि डिकीतलं सामान धरलं तरी एक टनाचा जॅक पुरून उरतो.

बघायचा आकडा वेगळाच आहे: जॅक पूर्ण खाली बसवल्यावर त्याची उंची, म्हणजे बंद उंची, किती. टायर फुगलेला असताना सिलच्या (दारांखालच्या लांब पट्टीच्या) खालची जॅक लावायची जागा जमिनीपासून सुमारे १८ ते २० सेंटिमीटरवर असते. पण जॅक काढायची वेळ येते ती टायर बसल्यावर. स्विफ्टच्या १८५/६५ आर१५ टायरची बाजू १२ सेंटिमीटर उंच, अल्टो ८०० च्या १४५/८० आर१२ ची साडेअकराच्या पुढे. हवा पूर्ण गेली की रिम जवळजवळ रस्त्याला टेकते आणि तो कोपरा पाच-सात सेंटिमीटर सहज खाली येतो. उरली जागा बारा-तेरा सेंटिमीटर. चाक खड्ड्यात असेल तर त्याहून कमी. या फटीत जो जॅक शिरेल तोच आपला.

| प्रकार | बंद उंची | कमाल उंची | अंदाजे किंमत |
|---|---|---|---|
| कात्री जॅक, १ टन | ९–१० सेंमी | ३५–३८ सेंमी | ₹७०० ते १५०० |
| बाटली जॅक, २ टन | १५–१८ सेंमी | ३०–३५ सेंमी | ₹९०० ते १५०० |
| ट्रॉली जॅक, २ टन | १३–१४ सेंमी | ३०–३३ सेंमी | ₹२५०० पासून पुढे |
| बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक | १२–१५ सेंमी | ३५ च्या पुढे | ₹४००० पासून पुढे |

हे आकडे बाजारातल्या नेहमीच्या मालाचे. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, म्हणून खोक्यावरचा आकडा वाचावा आणि दुकानदाराकडे टेप मागून मोजूनही घ्यावा.

बाटली जॅकची गोची इथेच होते. बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर उठणारा तो भारी जॅक आहे, कमी जोरात जास्त वजन उचलतो, आणि ट्रक-टेम्पोवाले त्याच्याशिवाय निघत नाहीत. पण त्यांना तो ॲक्सलखाली लावता येतो आणि तिथे जागाही ऐसपैस असते. आपल्या गाडीत पंक्चर झालेल्या चाकाजवळ तो सिलखाली जातच नाही. मग लोक आत कुठेतरी टेकवतात, इंजिनाखालच्या ऑइल पॅनखाली नाही तर फरशीच्या पत्र्याखाली, आणि पत्रा दाबला जातो. शिवाय त्याचं डोकं गोल आणि सपाट. सिलला खाली पत्र्याची उभी कडा असते, ती त्या डोक्यावर नीट बसत नाही, घसरते किंवा वाकते. डिकीत आडवा पडून तेल गळतं ते वेगळंच. तेल कमी झालं की आत हवा शिरते आणि दांडा मारत राहिलं तरी जॅक उठत नाही. भर घालताना हायड्रॉलिक ऑइलच घालायचं. ब्रेक ऑइल घातलं तर आतले रबरी सील फुगून खराब होतात. एवढं सगळं सांभाळायची तयारी असेल आणि घरात पिकअपही असेल, तर बाटली जॅक जरूर घ्या, पण पिकअपसाठी.

स्क्रू फिरवला की कात्रीसारखा उघडत वर जाणारा तो कात्री जॅक. त्याला लोक नावं ठेवतात, हात दुखतो म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण कारण समजून घेतलं तर त्रास निम्मा होतो. कात्री जितकी चपटी, तितका स्क्रूवर ताण जास्त. सुरुवातीचे वेढे जड जातात आणि कात्री उभी होत गेली की हलके होतात. पहिल्या दोन वेढ्यांत "जाम झालाय" म्हणून सोडून देणारे पुष्कळ. म्हणून आधी जॅक हाताने फिरवून सिलला टेकेपर्यंत वर आणायचा आणि मगच दांडा लावायचा. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, स्क्रूला ग्रीस. याच्या डोक्यात खाच असते, सिलची कडा त्यात अडकते, आणि चाकाजवळ सिलवर ज्या दोन खुणा किंवा खाचा दिलेल्या असतात त्यांच्यामध्ये तो बरोबर बसतो. गाडीच्या मॉडेलचाच घेतला तर डिकीतल्या त्याच्या जागेत घट्ट राहतो, खडखडत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो थोडा महाग मिळतो. बाहेरचा घेणार असाल तर पत्र्याची जाडी आणि पिनांचे रिव्हेट बघा. हाताने धरून कात्री डावी-उजवी हलत असेल तर परत ठेवा.

जुना हवा असेल तर भंगारात मिळतो. नाशिकला अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारावर महापालिकेने २०१७ मध्ये मोठी कारवाई केली होती, तरी गाड्या तोडून पार्ट विकणारे शहरातून गेलेले नाहीत. तिथे मूळ कंपनीचा कात्री जॅक स्वस्तात सापडू शकतो. आटे बोटाने चाचपा, पूर्ण वर-खाली करून बघा, वाकलेला हात सरळ करून रंगवलेला नाही ना तेही बघा. जुना बाटली जॅक मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये असं माझं मत.

ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, हा घरच्या पार्किंगचा. फरशीवर किंवा काँक्रीटवर सुंदर चालतो, दोन मिनिटांत चाक वर. पण वजन आठ-दहा किलो, आणि गाडी उचलताना त्याची चाकं थोडी सरकावी लागतात. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या बांधावर काळ्या मातीत ती चाकं रुततात, जॅक सरकत नाही आणि डोकं सिलवरून निसटतं. घरी स्वतः ब्रेक, टायर बघणाऱ्याने दुसरा जॅक म्हणून घ्यावा, सोबत जॅक स्टँडची, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या घोड्यांची, जोडीही. कुठल्याही नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही.

इलेक्ट्रिकची शिफारस मी गुडघे किंवा पाठ धरलेल्यांनाच करतो. घेण्याआधी गाडीच्या सॉकेटचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा. हे जॅक बरंच करंट ओढतात आणि छोट्या गाडीचा फ्यूज जाऊ शकतो. बॅटरीला थेट चिमटे लावता येणारा असेल तर बरा. आणि बंद उंची इथेही तपासायचीच.

कोणताही घ्या, त्याच्यासोबत फूटभर लांब-रुंद जाड फळी किंवा प्लायचा तुकडा डिकीत टाका. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे रस्त्याची कड भिजून मऊ झालेली असते, तिथे कात्री जॅकचा छोटा पाया आधी स्वतः जमिनीत जातो आणि गाडी आहे तिथेच राहते. नांदुरीच्या किंवा कसारा घाटात टायर बसला तर उतारावर जॅक लावू नका. टायर गेला तर जाऊ दे, हळूहळू सपाट जागेपर्यंत गाडी न्या. हँडब्रेक, पहिला गिअर, बसलेल्या चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड, आणि नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा वेढा ढिले.

पैसे देण्याआधी एक खात्री करा: तुमच्या गाडीत स्टेपनी आहे ना? टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकायची मुभा २०२० पासून आहे, त्यामुळे काही नव्या गाड्यांत ती नसतेच. मग जॅक घेऊन उपयोग नाही. आणि स्टेपनी असेल तर जॅकचा दांडा आणि पाना सोबतच मागून घ्या. काही जॅकला हुकाचा दांडा लागतो, काहींना नटावर बसणारा, आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. चाकाचा नट मारुतीत साधारणपणे १९ चा असतो, ह्युंदाईत २१ चा. गाडी दुकानाबाहेर उभी असेलच, तेव्हा पाना नटावर आणि जॅक सिलखाली तिथेच लावून बघा.