‘पहिली आवृत्ती, सहीसह’: जुनी हार्डबाउंड चरित्रं घेताना फसवणूक कुठे होते

वर्णनात एवढंच असतं: आत्मचरित्र, हार्डबाउंड, पहिली आवृत्ती, मूळ जॅकेट (पुठ्ठ्यावरचं सुटं कागदी वेष्टन), लेखकाची सही, स्थिती ‘गुड’. पार्सल येतं, जॅकेट चकचकीत असतं, सही जागेवर असते आणि पुस्तक कपाटात जातं. खोट कळते ती पुढे कधीतरी, एखाद्या जाणकाराने ते हातात घेतल्यावर. तोवर परतीची मुदत उलटलेली असते. यात सरळ खोटं बोलणारे विक्रेते थोडे. खरं तेवढंच सांगून बाकीचं गाळणारे जास्त. म्हणून पैसे देण्याआधी विचारायला हवं ते वर्णनात नसलेल्या गोष्टींबद्दल.

‘पहिली आवृत्ती’ हे शब्द पुस्तकात छापलेले दिसले म्हणजे खात्री झाली असं नाही; संग्राहकाला हवं असतं ते तिचं पहिलं मुद्रण. कॉपीराइटच्या पानाच्या तळाशी बहुधा आकड्यांची ओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. ओळ ४ वर संपत असेल तर ते चौथं मुद्रण, मग वर काहीही लिहिलेलं असो. प्रकाशकांच्या लकबी मात्र माहीत हव्यात. रँडम हाउसच्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि २ पर्यंतच उतरलेली ओळ एकत्र असेल तर ते पहिलं मुद्रण. ते शब्द काढून ओळ तशीच ठेवली की दुसरं. स्क्रिब्नरने १९३० पासून बरीच वर्षं पहिल्या मुद्रणावर नुसतं ‘ए’ हे अक्षर छापलं.

सर्वांत जास्त लोक फसतात ते बुक क्लबच्या प्रतींवर. ही सभासदांसाठी स्वस्तात काढलेली छपाई. कधीकधी तिच्यात मूळ कॉपीराइटचं पान जसंच्या तसं येतं, ‘फर्स्ट एडिशन’ या शब्दांसकट. ओळखायच्या खुणा वेगळ्याच असतात: जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत नसते, कागद हलका, पुठ्ठा पातळ, आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली कण्याजवळ अनेकदा एक बारीक खळगा, गोल किंवा चौकोनी. बोट फिरवलं तर लागतो, फोटोत सहसा दिसत नाही. घडीच्या खालच्या कोपऱ्यात ‘बुक क्लब एडिशन’ छापलेलं असेल तर तेवढा कोपरा कापून टाकतात. भेट देताना किंमत कापण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे कापलेला कोपरा हा एकटा पुरावा नव्हे. खळगा आणि कापलेला कोपरा एकत्र दिसले तर मात्र सौदा सोडावा.

जॅकेटचंही तेच. विसाव्या शतकातल्या संग्राह्य पुस्तकाच्या किमतीचा मोठा वाटा जॅकेटचाच असतो, म्हणून पहिल्या मुद्रणाच्या पुस्तकावर पाचव्या मुद्रणाचं जॅकेट चढवतात. घडीवर किंवा पाठीवर याच पुस्तकाच्या वृत्तपत्रीय परीक्षणांतले उतारे असतील तर शंका घ्यावी. पहिलं जॅकेट छापलं जातं तेव्हा ती परीक्षणं बहुधा आलेलीच नसतात. नव्याने छापलेली नक्कल पकडायला १० पट भिंग पुरतं. छापखान्यातल्या ऑफसेटच्या चित्रात ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते, इंकजेटच्या चित्रात विस्कळीत फवारा. शिवाय १९५० च्या आधीचा कागद अतिनील दिव्याखाली सहसा मंद राहतो; निळसर पांढरा झगमगला तर तो नंतरचा.

आता सही. आत्मचरित्र घेणाऱ्याला लेखकाच्या हाताचा स्पर्श हवा असतो, आणि नेमका तोच विकला जातो. सगळ्यात साधी फसवणूक म्हणजे छापील सही. अनेक आत्मचरित्रांत लेखकाच्या छायाचित्राखाली सहीची प्रतिकृती छापलेली असते आणि तीच ‘स्वाक्षरीत प्रत’ म्हणून खपवली जाते. दुसरी प्रत शोधावी. सही त्याच जागी, त्याच मापाची असेल तर ती छापलेली. यंत्राने केलेल्या सहीत शाई खरी असते, पण दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना पेन टेकल्याचा ठिपका. माणूस दोनदा तंतोतंत तशीच सही करत नाही, यंत्र करतं. २०२२ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या एका पुस्तकाच्या ९०० प्रती हाताने सही केलेल्या म्हणून विकल्या गेल्या. ग्राहकांनी आपापल्या प्रतींचे फोटो ताडून पाहिले तेव्हा सह्या यंत्राच्या असल्याचं उघडकीला आलं. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलननेही माफी मागितली. नव्या पुस्तकात हे घडू शकतं, तर तीन हात फिरून आलेल्या प्रतीत अधिकच. चिकटवलेल्या चिठ्ठीवरची सही खरी असली तरी ती चिठ्ठी कुठल्याही प्रतीत लावता येते. आणि तारखा जुळवाव्यात: लेखक वारल्यानंतरच्या मुद्रणावर त्याची सही असू शकत नाही, १९३० च्या तारखेखाली बॉलपेनची शाईही नाही.

चरित्रांत आणखी एक चोरी होते, आणि ती आम्हाला सर्वांत जिव्हारी लागते. आर्ट पेपरवरची छायाचित्रं कापून, चौकटीत घालून वेगळी विकतात आणि उरलेलं पुस्तक ‘पूर्ण’ म्हणून. पृष्ठक्रमांक सलगच राहतात, कारण ही पानं बहुधा क्रमांकात धरलेलीच नसतात. सुरुवातीची चित्रसूची उघडून एकेक चित्र मोजावं. ‘पृष्ठ ६४ समोर’ असं लिहिलं असेल तर ६४ समोर पाहावं आणि सांध्यात कापलेल्या कागदाची अरुंद पट्टी उरली आहे का, ते चाचपावं. मुखचित्रावरचा पातळ झिरझिरीत कागद आहे आणि खाली चित्रच नाही, असंही होतं.

ग्रंथालयातून काढलेल्या प्रतीची पहिली पुस्ती, म्हणजे पुठ्ठ्यालगतचं कोरं पान, बहुतेक वेळा फाडलेलं असतं, कारण शिक्का त्याच्यावर असतो. वरची कड घासून गुळगुळीत केलेली, कण्याच्या तळाशी लेबलाचा फिकट चौकोन, मागच्या पुठ्ठ्याच्या आत खिशाच्या डिंकाचे डाग: एवढं पुरे. ‘गुड’ या शब्दावर विसंबू नये. या धंद्यात ‘गुड’ म्हणजे वापरून झिजलेली प्रत. चांगली म्हणतो तिला ‘व्हेरी गुड’ किंवा ‘फाइन’ म्हणतात.

‘मूळ १९१० ची प्रत’ म्हणून आलेलं पुस्तक कोरं करकरीत असेल तर शेवटचं पान पाहावं. मागणीनुसार छापलेल्या स्कॅन-प्रतीत तिथे अनेकदा बारकोड आणि छपाईची तारीख असते, छायाचित्रं काळ्या डागांसारखी उमटतात. १३ आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) २००७ पासून रूढ झाला. १९९५ च्या म्हणवणाऱ्या प्रतीच्या कॉपीराइट-पानावर तो असेल तर ती पुढची छपाई. पाठीवरच्या बारकोडखालचा ९७८ ने सुरू होणारा आकडा मात्र त्याआधीही असायचा, त्यावरून आरोप करू नये.

पैसे देण्याआधी याच प्रतीचे फोटो मागावेत, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून: कॉपीराइटचं पान, जॅकेटच्या दोन्ही घड्या पूर्ण उघडून, मागच्या पुठ्ठ्याचा खालचा भाग तिरप्या उजेडात, वरची कड, चित्रसूची, सही जवळून. सोबत लेखी प्रश्न विचारावा: बुक क्लबची आहे का, ग्रंथालयाची आहे का, सगळी चित्रं आहेत का? टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नये. पैसे द्यायचे ते तक्रार करता येईल अशाच मार्गाने.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढावा आणि त्याच दिवशी तपासावं. खोट सापडली तर काहीही पुसू नये, जॅकेटवरचं प्लास्टिक काढू नये. वर्णनातलं वाक्य आणि त्याला खोटं पाडणारा फोटो शेजारीशेजारी ठेवून दोन ओळींची तक्रार पाठवावी. ‘वर्णनात पहिली आवृत्ती, आकड्यांची ओळ ४ वर संपते’ याला उत्तर देणं विक्रेत्याला जड जातं.