फर्स्ट कॉपीचं मशीन बदलू, डायल बदलू, की दोन्ही?

घड्याळ हजार-दीड हजाराचं, वरून मोठ्या ब्रँडसारखं, आता बंद पडलंय नाहीतर डायलला डाग पडलेत, पण केस आणि पट्टा अजून ठणठणीत म्हणून टाकवत नाही. ठाण्यात स्टेशनजवळ घड्याळवाल्याकडे नेलं की तो म्हणतो "नवं मशीन टाकून देतो", म्हणजे आतलं यंत्रच बदलतो, आणि आपण मान डोलावतो. त्याआधी मागचं ढाकण उघडायला सांगा आणि स्वतः डोकावून बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

आत पांढरी प्लॅस्टिकची रिंग आणि तिच्यात रुपयाच्या नाण्यापेक्षाही छोटं सेलवालं मशीन दिसलं तर फार डोकं लावू नका. तीन काटे, तारीख नाही, असं असेल तर बहुतेक मियोटा या जपानी कंपनीचं 2035 किंवा त्याचीच चायना कॉपी असते, तिथे नवं 2035 टाका. 626 नंबरचा सेल लागतो, तो साधारण 3 वर्षं जातो, महिन्याला 20 सेकंद मागेपुढे होईल, झालं काम, आणि डायल-काटे बहुतेक वेळा तेच परत बसतात. डायलवर तीन छोटी वर्तुळं असतील तर मात्र जसंच्या तसं मशीन मिळालं तरच पुढे जा, कारण छोट्या काट्यांच्या जागा मशीनप्रमाणे बदलतात.

ऑटोमॅटिक, म्हणजे सेल नसलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं असेल तर खरी गंमत. स्वस्त कॉपीत बहुतेक चायनाचं डीजी 2813 निघतं. ते परत तेच टाकलं तर सगळ्यात स्वस्त, पण नशिबाचा खेळ, एखादं वर्षानुवर्षं चालतं आणि एखादं लगेच मान टाकतं. दुसरा पर्याय मियोटा 8215. सुट्या केस विकणारे बऱ्याचदा एकाच केसला 2813 आणि 8215 दोन्ही बसतात असं लिहितात त्यामुळे केस फेकावी लागत नाही, पण जुन्या 8215 मध्ये चावी (वेळ लावायची बाजूची घुंडी) ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, आणि रोटर (हात हलला की फिरून घड्याळ भरणारी चकती) एका बाजूला मोकळा फिरतो तेव्हा हातावर घरघर जाणवते. मला त्याचं काही वाटत नाही, काहींना अजिबात चालत नाही.

आणि सगळे जे सुचवतात ते जपानी सेको (Seiko) कंपनीचं एनएच 35. मशीन म्हणून तिघांत हेच सरस, 24 ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), एकदा पूर्ण भरलं की 41 तास चालतं, चावीनेही भरता येतं, काटाही थांबतो. पण 2813 च्या केसमध्ये ते कोंबू नका. केसमधलं चावीचं भोक ठरलेल्या उंचीवर असतं, मशीनची स्टेम (चावीची बारीक दांडी) त्याच्यासमोर सरळ आली नाही तर चावी आत ढकलताना अडते आणि एक दिवस स्टेम मोडते. वर रिंग नवी, डायल नवा, काटेही नवे, कारण काट्यांच्या भोकांचं माप प्रत्येक मशीनचं वेगळं. एनएच 35 चा सेकंद काटा 0.20 मिमीचा, ईटीए 2824 या स्विस मशीनचा 0.25, डोळ्याला काय कळणार, पण एक ढिला बसतो आणि दुसरा बसतच नाही. एवढा खर्च करायचाच असेल तर सरळ एनएच 35 ची केस घ्या आणि नवीनच घड्याळ बनवा, कॉपीला राहू द्या.

आता नुसता डायल. मागे दोन बारीक पाय असतात ते मशीनच्या भोकात जातात. पाय जुळले नाहीत की घड्याळवाला ते कापून चिकटपट्टीवर डायल बसवतो. बिनतारखेच्या क्वार्ट्झला (सेलवाल्याला) हे चालून जातं, तारखेच्या ऑटोमॅटिकला डायल जरासा सरकला तरी खिडकीत अर्धा आकडा दिसतो. म्हणून डायल मशीनच्या नंबरावरूनच घ्या, आणि घेताय तर कोरा घ्या, नाव नसलेला. खोट्या नावाचं घड्याळ पुढे कुणाला विकलंत तर 1999 चा ट्रेड मार्क्स कायदा लागू होतो, उगाच कशाला.

अजून एक, जुलैत घोडबंदर रोडवरून बाईकवर येणाऱ्यांसाठी. ढाकणाचा रबर नवीन टाकून घ्या, तो चिरलेला असेल तर महागाचं मशीनही एका पावसाळ्यात गंजतं. आणि जुनं मशीन दुकानात सोडू नका, मागून घ्या, त्याची तारखेची चकती आणि स्टेम पुढे कामाला येतात.