उदयपूरचा सिटी पॅलेस : सवड काढून पाहावा असा

महाराणा उदयसिंह दुसरे यांनी १५५९ मध्ये पिछोला तलावाच्या पूर्व काठावर बांधायला घेतलेला आणि पुढील पिढ्यांनी वाढवत नेलेला हा राजवाडा पाहताना सर्वाधिक वेळ मोर चौकासाठी राखून ठेवावा, कारण रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांतून साकारलेले तेथील मोर घाईघाईत पाहण्याजोगे नाहीतच. आम्ही ठरवलेल्या मार्गदर्शकाने मात्र तो चौक पाच मिनिटांत उरकला. आतील जिने व वाटा अरुंद असल्याने गर्दीत ज्येष्ठांची दमछाक होते. म्हणून सकाळी दार उघडताच जावे. जवळचे जगदीश मंदिर (१६५१) पायीच पाहता येते. सायंकाळच्या नौकाविहारात तलावातील बेटावरचा जगमंदिर महाल दिसतो, तेव्हा तिकिटाचा खर्च मुळीच खटकत नाही.