10 किलो कमी, आठवड्यात 4 दिवस चालणं की टेन के रेस? जानेवारीत यातलं काय धरायचं

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे हा विषय निघतोच, आणि मी तिन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. माझ्या जुन्या डायऱ्यांमध्ये लागोपाठ तीन वर्षं पहिल्या पानावर एकच ओळ आहे, वजन 82 वरून 72. अक्षर तेवढं दरवर्षी जास्त वाईट होत गेलंय.

आधी 10 किलोवालं बघू. आकडा आहे, वर्षाची मुदत आहे, ऐकायला एकदम पक्कं वाटतं. हिशोबही तसा अशक्य नाही, एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी, वर्षात 10 किलो म्हणजे दिवसाला 210 च्या आसपास, म्हणजे रोजचा एक वडापाव सोडल्यासारखंच झालं की. पण गोची अशी की आज रात्री झोपताना तुम्हाला कळतच नाही आजचं काम झालं की नाही, कारण काटा मीठ-पाण्यानेच किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. मग संक्रांतीला तिळाच्या वड्या, हुरडा, वर लग्नसराई, काटा वर गेला की मूड जातो आणि फेब्रुवारीत आपण काट्यावर उभंच राहत नाही (मी तर तो पलंगाखाली ढकलला होता).

चालण्याचं वेगळं आहे. 40 मिनिटं चाललो की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही, मध्ये काही नाही. आणि मी मुद्दाम 4 दिवस म्हणतोय, रोज नाही. 4 गुणिले 40 म्हणजे 160 मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेवढं यात बसतं, पण भरभर चालायचं, मोबाईल बघत रेंगाळत नाही. "रोज" ठरवलं की पाहुणे आले, ताप आला, एक दिवस बुडतो आणि अख्खा बेतच सोडून देतो आपण. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2010 च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागलेले, कुणाला 18 तर कुणाला 254, आणि एखादा दिवस बुडाल्याने फार फरक पडला नव्हता. 1 जानेवारीपासून मोजलं तर 66 वा दिवस येतो 7 मार्चला, म्हणजे पाडव्याच्या आधी, आणि तुम्ही माझ्यासारखे 254 वाले असाल तर थेट गणपतीच्या सुमारास. 21 दिवसांत सवय लागते असं म्हणतात, त्यावर भरवसा ठेवू नका.

याची उणी बाजूही सांगतो, नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही, माझ्यासारख्याचं 40 मिनिटांत दीडशेच्या आसपास जळतं आणि घरी येऊन चार-सहा बिस्किटं जास्त खाल्ली की फिट्टमफाट.

टेन के, म्हणजे 10 किलोमीटरच्या रेसमध्ये मजा आहे. तारीख पक्की, फी भरलेली, ग्रुपमध्ये सांगून बसलेलो, त्यामुळे पळ काढता येत नाही. पण मुंबई मॅरेथॉन जानेवारीतच असते, त्यामुळे आत्ता सुरू करणाऱ्याने पुढच्या वर्षीची धरावी, आणि साताऱ्याच्या घाटातली हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) तर पहिल्याच वर्षी अजिबात नको, मित्रांनी कितीही चढवलं तरी. आत्ता जिना चढताना धाप लागत असेल तर गुडघा नाहीतर नडगी धरते, माझी नडगी तिसऱ्याच आठवड्यात धरलेली. शिवाय रेस झाली की दुसऱ्या दिवसापासून काय, हा प्रश्न उरतोच.

म्हणून सध्या काहीच करत नसाल तर 4 दिवसांचं घ्या, पण वेळ आणि जागा जोडून लिहा: सोम, मंगळ, गुरू, शनि, सकाळी साडेसहा, सोसायटीच्या गेटपासून. वजन महिन्यातून एकदा बघा. वर्षभर आधीपासूनच चालताय आणि कंटाळा आलाय, तर टेन के खुशाल घ्या. 10 किलोवालं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ठेवा, पण मग सोबत रोजच्या ताटातली एक ठरावीक गोष्ट लिहा, दुसरी पोळी, संध्याकाळचं फरसाण, जे असेल ते. मी फरसाण लिहिलंय, बायकोने खाली सही केलीये.